एन्स्लेव्ड हा बँड ब्लॅक मेटल (किंकाळ्यांचं, कर्कश आणि वेगवान हेवी मेटल) सोडून प्रोग्रेसिव्ह (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) झाला का? नव्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी?

सोडून गेला असं मला अजिबात वाटत नाही. या बँडचा पिंडच पहिल्यापासून लांब पल्ल्याचा आहे.

ईवार ब्यॉर्नसन आणि ग्रुत्ले शेल्सन यांनी १९९१ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा बँड काढला, तेव्हा ईवार अवघा तेरा वर्षांचा होता. १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये गाणी पाचच, पण त्यातली चार दहा मिनिटांहून मोठी! १९९७ च्या 'एल्ड'चं पहिलंच गाणं सोळा मिनिटांचं. विषय, सन ७९३ मधला व्हायकिंगांचा इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा हल्ला. एवढा ऐसपैस विचार करणारी माणसं पुढे प्रोग्रेसिव्हकडे गेली यात मला नवल वाटत नाही.

सांधा नेमका कुठे जुळला ते ऐकायचं असेल तर २००३ चा 'बिलो द लाइट्स' लावा. पहिल्या गाण्याची सुरुवात मेलोट्रॉनच्या आवाजाने होते. मेलोट्रॉन म्हणजे पट्टी दाबली की आत खऱ्या वाद्यांची टेप फिरते असा कीबोर्ड, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा लाडका. त्याचे ते उदास, किंचित थरथरणारे सूर ऐकताना वाटतं, आता कोणीतरी हळुवार गाणार. आणि येतो ग्रुत्लेचा खरवडणारा आवाज. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं संपल्यावर लगेच पुन्हा सुरू केलं होतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना जागा देतात, कोणी कोणाला दाबत नाही.

पुढच्याच वर्षीच्या 'ईसा'पासून हर्ब्रांड लार्सन कीबोर्डवर आला आणि त्याचं स्वच्छ सुरातलं गाणंही आलं. तो २०१६ पर्यंत होता. बऱ्याच जुन्या चाहत्यांना ते गोड गाणं पटत नाही. मला पटतं, कारण त्यानंतर येणारी किंकाळी दुप्पट लागते. २००८ चा 'व्हर्टिब्रे' मात्र जरा गुळगुळीत वाटतो, तो नंतर ऐकलात तरी चालेल.

सुरुवात 'ईसा'पासून करा. बहुतेक गाणी आटोपशीर आहेत. मग 'बिलो द लाइट्स', मग थेट १९९४ चा तो पहिला अल्बम. त्याचं रेकॉर्डिंग खडबडीत आहे, दोन-तीनदा ऐकल्यावर कान सरावतो. त्यात 'हाइमदाल्लर' नावाचं गाणं आहे, नॉर्स पुराणातल्या पहारेकरी देवाचं. २०२३ च्या अल्बमचं नावही 'हाइमदाल'च. दोन्ही एकाच बैठकीत, हेडफोन लावून ऐका.