जुन्या पिकअपचे पाटे बदलताना जुने यू क्लॅम्प परत लावू नका

केजच्या भाऊंनी लिहिलंय, 2013 ची पिकअप, मागचा डावा मेन पाटा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांतली सगळ्यात वरची, लांब पट्टी) तुटला. एक जण दोन्हीकडचे पूर्ण पाटे बदलायचे 22,000 सांगतो, दुसरा तेवढा एक पाटा टाकून बाकीच्यांना कमान मारून (सपाट झालेले परत वाकवून) 4,500 मध्ये देतो म्हणतो. भाऊ, 2019 साली मी अगदी इथंच उभा होतो, आणि साडेचार हजाराच्या आसपासचंच काम केलं होतं.

पाटे खोलायचे-बसवायचे कसे ते तुमच्या मिस्त्रीला माहीत आहे. माझं चुकलं ते यू क्लॅम्पमध्ये, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टमध्ये. "चांगलेच आहेत की, कशाला 900 घालवता?" मिस्त्री म्हणाला आणि मी हो म्हणालो. जुन्या क्लॅम्पचे आटे ताणलेले असतात, परत तेवढे आवळले जात नाहीत. त्यात नव्या पाट्यावरचा रंग, मधला गंज, माती दाबली गेली की क्लॅम्प आणखी ढिला पडतो. मग सगळी ओढ पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर येते. तो बोल्ट एक्सल जागेवर बसावा म्हणून असतो, ओढ सोसायला नसतो.

मांजरसुंब्याच्या घाटात, सोयाबीनचे कट्टे भरलेले, रात्रीची वेळ. उतारावर ब्रेक मारला आणि मागून कट्ट असा आवाज आला. गाडी डावीकडे ओढायला लागली, जळक्या रबराचा वास. उतरून बॅटरी मारली तर डावीकडचा एक्सल चार बोटं मागं सरकलेला आणि टायर हौद्याच्या पट्टीला घासत होता. दुसऱ्या गाडीत माल भरणं, क्रेन, टायर, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, मजुरी धरून 14,000 गेले. ऐन सुगीत चार दिवस गाडी उभी. वर विम्याच्या ऑफिसात तीन हेलपाटे. नुसता यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. प्रत्येक वेळी एक कागद कमी, उद्या या. पेट्रोल जाळून माणूस जातो, याची कुणाला फिकीर नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू एकदम करा. एकीकडे नवा, एकीकडे बसलेला (कमान गेलेला) पाटा असला की गाडी एका अंगावर कलते. नंतर मी पूर्ण केलं तेव्हा पाटे दोन्हीकडचे मिळून 16,400, क्लॅम्प, सेंटर बोल्ट, बुश (पाट्याच्या टोकातलं रबर) 2,300, मजुरी 2,000 असे 20,700 लागले. तो माझा भाव, तुमच्याकडं वेगळा असेल. त्यामुळं 22,000 मला जास्त वाटत नाहीत, फक्त त्यात क्लॅम्प आणि बुश धरलेत का ते विचारा आणि पक्कं बिल घ्या. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून शेवटचे आवळायला सांगा, हवेत आवळले तर रबर पिळून फाटतं. 500 किलोमीटर झाले की क्लॅम्प परत आवळून घ्या.

गॅसवर तापवून कमान देणार असेल तर नकोच म्हणा. आपल्याकडं घिसाडी याच पाट्याचे कोयते करतात, ते लोखंड तापवून पाणी देतात म्हणून धार टिकते. गॅरेजवाला तापवून तसंच गार होऊ देतो, पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि पाटा महिन्या-दोन महिन्यांत परत बसतो. जुने पाटे भंगारात देऊ नका, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या वेळी कोयत्यासाठी बरा भाव येतो.

एक जादा पाटा टाकून माल वाढवू म्हणत असाल तर थांबा. पाटा वाढला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड 20,000 पासून सुरू होतो, वर जादा टनाला 2,000. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दर वर्षी असतं, तिथंही नजरेत येतं.

मी मिस्त्री नाही, गाडीवाला आहे. उद्या सकाळी गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी धरून मोजा. डाव्या-उजव्याचा फरक इथं टाका. बोटभर जरी निघाला तरी काम होईपर्यंत माल भरू नका.