दत्तक लेक, महालक्ष्म्या आणि वावरातला हिस्सा

ताई, पोटचा मुलगा असताना तुम्ही संस्थेतून मुलगी दत्तक घेतली. ती आता नऊ वर्षांची आहे आणि सासूबाई म्हणतात, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना तिचा हात लागू नये, ती आपल्या कुळातली नाही. श्रद्धा सोडायची नाही, लेकीवर अन्यायही नको, मग करू काय, असं तुम्ही विचारलंय.

मी दोन दत्तक लेकरांची आई आहे आणि देवाधर्मातली बाई आहे. या वर्षी एक मुखवटा तिच्याच हातात द्या. ज्येष्ठा-कनिष्ठा माहेरवाशिणी म्हणून येतात, त्यांची बाळंही सोबत बसतात. बाहेरून येणाऱ्या या लेकींसाठी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची आणि घरातल्या लेकीला उंबऱ्यावर थांबवायचं, ही पूजा मला पटत नाही. सासूबाईंशी भांडू नका. पण त्या तिच्यासमोर बोलल्या तर उत्तरही तिच्यासमोरच द्या. रात्री जवळ घेऊन समजूत काढली तरी आई तेव्हा गप्प बसली होती, हे लेकरू विसरत नाही.

सासूबाईंपेक्षा मला भीती वाटते ती कौतुक करणाऱ्यांची. आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना आटोपली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "लय पुण्य कमावलं वं बाई तुनं." लेकरू ते ऐकतं आणि स्वतःला ऋणी समजायला लागतं. माझी थोरली सुरुवातीला ताटात पडेल ते मुकाट्याने खायची. एक दिवस अंबाडीच्या भाजीचं ताट तिने सरकवलं, "मी नाही खात हे," म्हणाली. त्या संध्याकाळी मी गजानन महाराजांपुढे आनंदाने दिवा लावला. घर आपलं वाटल्याशिवाय लेकरू हट्ट करत नाही.

सिंधुताई सपकाळ आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या. अनाथ लेकरांत आणि पोटच्या मुलीत भेदभाव होऊ नये म्हणून त्यांनी ममताला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे वाढायला ठेवलं. एवढी कठोर वाट तुम्हाआम्हाला झेपणार नाही, पण मायेतही पक्षपात शिरतो हे त्या माउलीने ओळखलं होतं. आपण निदान मुलाच्या आणि मुलीच्या ताटात, कपड्यात, शिक्षेतही फरक पडत नाही ना, एवढं रोज पाहावं.

आता वावराचं, म्हणजे शेतीतल्या तिच्या हिश्श्याचं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ६३ नुसार दत्तक आदेशाच्या तारखेपासून ती वारसाहक्कासह सर्व बाबतींत तुमचीच मुलगी आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पूर्वी दत्तक आदेश न्यायालय देई, आता जिल्हाधिकारी देतात. तुमच्याकडे असेल त्याच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा, कारण वारस नोंदीच्या वेळी भाऊबंद काय बोलतील ते सांगता येत नाही. वाचणाऱ्या कोणी नात्यातलं लेकरू नुसतं घरी ठेवून घेतलं असेल, तर कायदेशीर दत्तकविधान आजच करून घ्या. नुसतं सांभाळलं म्हणून वारसा मिळत नाही.

आणि ती दत्तक आहे हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या, अजून सांगितलं नसेल तर महालक्ष्म्यांच्या आधीच. अठरा वर्षांची झाली की आपल्या मुळाचा शोध घ्यायला ती स्वतः अर्ज करू शकते. माझ्या थोरलीने करायचं ठरवलं तर अर्ज भरायला मी तिच्या शेजारी बसणार आहे.