चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत काम करणं कसं असतं? फॅबमध्ये नुसती मशिनं सांभाळायची असतात का? की डिझाइनकडे जावं?

"नुसती मशिनं" वाचलं आणि राहवलं नाही. मी नऊ वर्षं फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, डिपॉझिशनच्या टूल्सवर (वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, पातळ थर चढवणाऱ्या मशिनांवर) टेक्निशियन होतो आणि हे वाक्य पहाटे साडेतीन वाजता फोनवर ऐकून घेतलंय.

त्या रात्री पीएम (टूलची ठरावीक देखभाल) संपवून चेंबर (थर चढतो तो कप्पा) बंद केलं. लीक चेक पास. मॉनिटर वेफर, म्हणजे चाचणीचा वेफर, चेंबरमधून फिरवला, पार्टिकल काउंट (त्यावर पडलेल्या कणांची संख्या) मर्यादेच्या आत. कागदोपत्री टूल उत्पादनासाठी सोडायला हरकत नव्हती. मी सवयीने वेफरचा नकाशा, म्हणजे कण कुठे पडलेत ते दाखवणारं चित्र, उघडला. कण विखुरलेले असते तर काही बोललो नसतो, पीएमनंतर थोडे असतातच. इथे ते एकाच कडेला, कमानीसारखे, स्लिट व्हॉल्व्हच्या (वेफर आत-बाहेर जातो त्या दाराच्या) बाजूला जमले होते. दुसरा वेफर फिरवला. तीच कमान, त्याच जागी.

बाहेर चार लॉट थांबलेले, प्रत्येकी २५ वेफर. एचएफने (हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडने) धुऊन आलेले, म्हणजे घड्याळ चालू. उघड्या सिलिकॉनवर हवेत पुन्हा ऑक्साइड चढतं, म्हणून ठरलेल्या वेळेत ते चेंबरमध्ये गेलेच पाहिजेत. माझ्या हातात सत्तर मिनिटं होती. ऑन-कॉल प्रोसेस इंजिनिअरला उठवलं. तो म्हणाला, "काउंट स्पेकमध्ये आहे ना? मग सोड. तू नुसती मशिनं सांभाळ, प्रोसेस मी बघतो."

मी टूल होल्डवर टाकलं, म्हणजे थांबवून ठेवलं. क्यू-टाइम (लॉटची ती ठरलेली वेळ) उलटला. सकाळच्या मीटिंगमध्ये चारही लॉट माझ्या नावावर लागले. दोन पुन्हा धुऊन वाचले, दोन स्क्रॅप झाले. दुपारी चेंबर उघडलं तेव्हा स्लिट व्हॉल्व्हच्या ओ-रिंगला (दार हवाबंद करणाऱ्या रबरी कड्याला) चीर गेलेली दिसली. दार उघडमिट होताना तिचेच कण झडत होते. ते थराखाली गाडले गेले की धुऊन निघत नाहीत. वेफरला शेकडो टप्पे पार करायला महिने लागतात, म्हणजे ही चूक इलेक्ट्रिकल टेस्टला उघड झाली असती आणि तोवर त्या चेंबरमधून किती लॉट गेले असते, हिशेब तुम्हीच करा. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मात्र माझ्यापुढे "दबावाखाली निर्णय घेता येत नाही" असं लिहिलं. ओ-रिंगचा शब्दही नव्हता.

बाकी तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. बनी सूटची (फॅबमध्ये घालायच्या अंगभर झाकणाऱ्या पोशाखाची) दोन आठवड्यांत सवय होते. त्रास होतो तो घोटभर पाण्यासाठीसुद्धा बाहेर येऊन सूट उतरवण्याचा आणि परत पूर्ण गाऊनिंग करण्याचा. १२ तासांच्या शिफ्टमध्ये एका आठवड्यात तीन दिवस काम, पुढच्यात चार, हे ऐकायला छान वाटतं, पण रात्रपाळीनंतरचा सुट्टीचा पहिला दिवस झोपेतच जातो. पैसा रात्रपाळी आणि ओव्हरटाइममध्ये आहे. आणि वेट बेंचवर (अ‍ॅसिडने वेफर धुण्याच्या जागी) घेतलं, पण एचएफ अंगावर पडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलंय ते पहिल्याच दिवशी दाखवलं नाही, तर तिथे थांबू नका.

मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: काउंट स्पेकमध्ये असताना रात्री टेक्निशियनला टूल होल्ड करता येतं का, आणि मग क्यू-टाइम गेला तर लॉट कोणाच्या नावावर लागतो? उत्तर देताना ते एकमेकांकडे बघू लागले, तर डिझाइनकडे जा.

मी एकाच कंपनीच्या दोन फॅब पाहिल्या आहेत. डिझाइन किंवा पॅकेजिंगमधल्यांचे दिवस वेगळे जात असतील, लिथोवाले (वेफरवर प्रकाशाने नक्षी उमटवणारे) तर पिवळ्या उजेडात वेगळ्याच कटकटींशी झुंजतात. तो इंजिनिअरही वाईट माणूस नव्हता, त्या आठवड्यात त्याची ती तिसरी जागलेली रात्र होती. पण नकाशा त्याच्या लॅपटॉपवर घरबसल्या दिसत होता, आणि फोनवर मी तो उघडायला दोनदा सांगितलं होतं.