खाचेत बसलेला रेणू पुढे काय करतो?

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. पेशींवरचे रिसेप्टर हा माझा आवडता विषय. संगणकाच्या मदतीने औषधं शोधण्यात करिअर करायचं आहे, पण गणित शाळेतच सुटलं. तीन महिन्यांचा डॉकिंगचा कोर्स पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. कोर्स जरूर कर, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. औषधाचा रेणू रिसेप्टरच्या, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रोटीनच्या, खाचेत कसा बसेल, याचा अंदाज डॉकिंग बांधतं. ते चालवायला लवकर येतं. पण रेणू बसल्यावर रिसेप्टरने पेशीच्या आत काय निरोप पोचवला, हे त्यातून कळत नाही, आणि तुझा आवडता विषय तर तोच आहे.

बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरचंच बघ. साल्ब्युटामॉल आणि प्रोप्रानोलॉल ही दोन औषधं त्याच्या एकाच खाचेत बसतात. पहिल्याने श्वासनलिका सैलावतात. दुसरं तोच निरोप अडवतं, म्हणून दम्याच्या रुग्णाला ते सहसा देत नाहीत. रिसेप्टर सक्रिय होताना त्याच्या सात हेलिक्सपैकी (मळसूत्रासारख्या वळलेल्या भागांपैकी) सहाव्याचं पेशीच्या आतलं टोक बाहेरच्या बाजूला सरकतं आणि निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रोटीनला जागा होते. वापरातल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं जी-प्रोटीनमार्फत निरोप पोचवणाऱ्या याच रिसेप्टर-कुळावर काम करतात. त्याच्या अभ्यासासाठी लेफकोविट्झ आणि कोबिल्का या शास्त्रज्ञांना २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही हालचाल संगणकावर पाहायची तर मॉलिक्युलर डायनॅमिक्स हवं, म्हणजे अणूंची हालचाल पावलापावलाने मोजत जाणं. त्यात एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं (एका मायक्रोसेकंदात १०० कोटी फेम्टोसेकंद). एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावलं, आणि प्रत्येक पावलाला हजारो अणूंवरची बलं मोजायची! एवढं करून हेलिक्स सरकलं, तर तो औषधाचा परिणाम की निव्वळ योगायोग, हे संख्याशास्त्राशिवाय ठरत नाही. म्हणून गणिताला पर्याय नाही. संभाव्यतेपासून सुरुवात कर, मग कलन आणि रेषीय बीजगणित. पायथन सोबत चालू दे. रोज तासभर दिलास तर वर्षात पाया होईल. तुझं वय पाहता उशीर मुळीच झालेला नाही.

कोर्सचे पैसे भरण्याआधी एक काम कर. प्रोटीन डेटा बँक या प्रोटीनच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहातून याच रिसेप्टरच्या दोन त्रिमितीय रचना उतरवून घे, त्या मोफत आहेत. एक २००७ची निष्क्रिय, दुसरी २०११ची जी-प्रोटीनसह. एकमेकींवर ठेवून सहावं हेलिक्स किती सरकलं ते मोज. पहिल्या रचनेत मध्येच लायसोझाइम हे परकं प्रोटीन जोडलेलं दिसेल. ते तिथे का घातलं, याचा शोध घे आणि मला लिहून कळव.