परसातल्या कोंबड्या : तुमचे प्रश्न

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही जिंतूर तालुक्यातले. खुडूक कोंबडीखाली सहा पिल्लं निघाली होती, पण कोंबडी मांजरानं नेली म्हणून पिल्लं घरात खोक्यात ठेवलीत, खाली बारदान टाकलंय. आता अठरा दिवसांची झालीत. ज्वारी, शिळा भात, भाकरीचा चुरा असं खायलेत. त्यातल्या एकाच्या गळ्याखाली उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आलीय, कडक लागती, सकाळी उठून बघितलं तरी तेवढीच. पिल्लू नुसतं पेंगायलंय, पाण्यापाशी जातं पण पीत नाही. शेजारचे म्हणतेत उलटं धरून पिळा, पोटातलं सगळं बाहेर येतं. एकानं माणसाची अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून द्यायला सांगितलंय. काय करू? लेकीचं लाडकं पिल्लू आहे, ती रडायली.

उत्तर : ताई, आधी एवढं करा, पिल्लाला उलटं धरू नका. कुणीही सांगू दे, नका धरू. मी एकदा धरलं होतं, असंच वीसेक दिवसांचं होतं, गळ्याखाली पाण्याच्या फुग्यासारखी पिशवी लटकलेली. उलटं करून जरा दाबलं तर तोंडातून पिवळं आंबूस पाणी आलं, मला वाटलं झालं मोकळं, आणि तेवढ्यात नाकपुडीतून एक बुडबुडा आला आणि पिल्लू हातातच गेलं. ते पाणी श्वासनळीत उतरलं होतं. पिशवीनं मरत नव्हतं ते, माझ्या हातानं मेलं, आज इतकी वर्षं झाली तरी ते मऊ अंग तळहाताला आठवतं. म्हणून एवढं आवर्जून सांगायले.

आता गाठीचं. ती गाठ नाही, अन्नपिशवी आहे. खाल्लेलं आधी तिथं साठतं, भिजतं, मग हळूहळू खाली उतरून पेट्यात जातं, आपण कलेजी-पेटा म्हणतो तोच पेटा, तिथं दळलं जातं. संध्याकाळी पिशवी टम्म भरलेली दिसणार, त्यात घाबरायचं काही नाही. खरी तपासणी सकाळची. रात्री खाणं काढून घ्यायचं आणि पहाटे दाणे टाकायच्या आधी बोटांनी चाचपायचं, पिशवी रिकामी लागली पाहिजे. तुमच्या पिल्लाची सकाळीही कडक आहे म्हणजे माल अडकलाय. कणकेच्या गोळ्यासारखी किंवा दाण्याच्या पुरचुंडीसारखी लागली तर अडकलेली, आणि लिबलिबीत लागून तोंडाला आंबलेल्या पिठासारखा वास आला तर आत बुरशी झालेली, हे दोन वेगळे त्रास आहेत आणि उपायही वेगळे.

मला तुमच्या बारदानाचा संशय येतोय. पिल्लू खाली दिसेल ते टोचतं, बारदानाचे सुटे धागे गवतासारखे गिळतं. मागं एक पिल्लू मेल्यावर मी पिशवी उघडून बघितली होती, आत सुतळीच्या धाग्यांची समईच्या वातीसारखी वळलेली गुंडाळी होती आणि तिला ज्वारीचे अख्खे दाणे चिकटलेले. दुसरं म्हणजे अख्खी ज्वारी, तीही खड्यांशिवाय. कोंबडीला दात नाहीत, पेट्यात बारीक खडे असले तर दाणा नीट दळला जातो, आणि आईमागं फिरणारी पिल्लं ते खडे उकिरड्यावर, अंगणात आपोआप टिपतात, खोक्यातल्या पिल्लाला कुठून मिळणार? तिसरं ऊब. अंग गार पडलं की पचन मंदावतं आणि आई नसलेल्या पिल्लाची ऊब म्हणजे तुमचा बल्बच. पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, म्हणजे तुमच्या पिल्लांना आता २९-३० च्या आसपास पाहिजे. थर्मामीटर नसलं तरी चालतं, पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गार वाटतंय, लांब पळून चोच उघडी टाकली तर गरम.

आज असं करा. पिल्लू वेगळं ठेवा, पण जाळीआड बाकीच्यांचा आवाज येईल असं, एकटं पडलं की जास्तच खचतं. उबेत ठेवा. दुपारपर्यंत दाणा बंद. कोमट पाणी ड्रॉपरनं चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ते स्वतः गिळेल तेवढंच, घशात पिचकारी मारायची नाही. मधे दोन थेंब खोबरेल तेल तसंच कडेला लावा. मग पिल्लू सरळ उभं धरून पिशवी दोन बोटांनी अगदी हलक्या हातानं गोल गोल चोळा, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा. गोळा फुटून पीठ झाल्यासारखं लागायला लागलं की समजा जमतंय. त्यानंतर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पाण्यात कालवून चिमूटभर. तोंडातून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, आत कुठं गुंतलाय ते आपल्याला दिसत नाही.

कॅप्सूल अजिबात नको. मूठभर जीव, त्याला माणसाचा डोस, आणि आंबलेल्या पिशवीत तर अँटिबायोटिकनं चांगले जिवाणू मरून बुरशी आणखी वाढती. आंबूस वास असेल तर गुळाचं पाणीही नको, गोडावर बुरशी पोसते, बुरशीचं औषध डॉक्टरच वजन बघून देतील.

उद्या सकाळीही पिशवी तशीच कडक असली, किंवा पिल्लू चोच उघडून श्वास घ्यायला लागलं, तर वाट बघू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला ते लांब नाही. आणि एकाऐवजी दोन-तीन पिल्लं एकदम पेंगायला लागली, हिरवट पातळ विष्ठा किंवा मान वाकडी दिसली तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असू शकते, विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण, अशा वेळी पिशवी चोळत बसण्यात दिवस घालवू नका.

बाकीच्या पाच पिल्लांखालचं बारदान आजच काढा, साळीचं तूस टाका, सुरुवातीला वर कागद अंथरला तर तेही टिपणार नाहीत. ज्वारीची भरड करून द्या, आणि एका वाटीत धुतलेली जाडसर वाळू ठेवा, मोहरीएवढे खडे. लेकीला रोज सकाळी पिशव्या चाचपायचं काम द्या, लहान बोटांना लवकर कळतं. आणि पिल्लाचं काय झालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न : पिल्लं उबवणी केंद्रातून आणली की ती खाली मान घालून टोचतात, पण खरंच खातात का ते कसं ओळखायचं? (अंबाजोगाईहून एक वाचक)

उत्तर : दादा, हेच, पिशवी चाचपून. आणल्यावर आधी पाणी, मग भरड, आणि आठ-दहा तासांनी रात्री दहा-बारा पिल्लं हातात घेऊन बघा. बहुतेक सगळ्यांची पिशवी भरलेली आणि मऊ पाहिजे. भरलेली पण कडक असली तर पाणी पीत नाहीयेत, त्यांची चोच स्वतः पाण्यात बुडवून दाखवा. रिकामी लागली तर आधी ऊब तपासा, गारठलेलं पिल्लू खाण्यापाशी जातच नाही.