मोती आला का?

पशुवैद्यकीच्या जोडीने मी पुण्यातल्या ज्येष्ठ निवासांमध्ये प्राणी घेऊन जाते आणि तिथल्या मंडळींशी त्या प्राण्यांबद्दल बोलते. या कामाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

सिंहगड रस्त्यावर आमचं ज्येष्ठ निवास आहे. प्रथमच कुत्रा येणार आहे. काय तयारी ठेवू? – व्यवस्थापिका

प्राणी ज्यांना नको आहेत त्यांची यादी सर्वांत आधी करा. भीती असेल, दमा असेल, सोवळं-ओवळं असेल. कारण विचारत बसू नका. त्यांच्यासाठी दुसऱ्या खोलीत चहा आणि गप्पांची सोय हवी. ‘या हो, काही करत नाही तो’ म्हणत कुणाला ओढून आणायचं नाही.

मग कुत्र्याचे कागद मागा. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर झालेली, जंताचं औषध दिलेलं, वय वर्षाच्या पुढे. त्याला कच्चं मांस खायला घालत असतील तर नकार द्या. कच्च्या मांसातून साल्मोनेलाचे जंतू कुत्र्याच्या पोटात जातात. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला तेच जंतू दवाखान्यात नेऊ शकतात.

नखं आदल्या दिवशी कापून घासून घ्यायला सांगा. म्हातारपणी हातावरची कातडी फार पातळ होते, त्यात कित्येक जण रक्त पातळ करणारी औषधं घेत असतात. माझ्याच एका भेटीत एका आजींच्या मनगटाला कुत्र्याने लाडाने पंजा लावला आणि रक्त थांबायला बराच वेळ लागला. तेव्हापासून मांडीवर आणि हातावर जाड टॉवेल घातल्याशिवाय मी कुत्रा जवळ नेत नाही. ओरखडा उठला किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून गप्प बसू नका.

खुर्च्या अर्धगोलात मांडा. वॉकर आणि काठ्या मागे ठेवा, म्हणजे पट्टा अडकून कुणी पडणार नाही. ४० मिनिटं पुरे. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर तो दमला आहे. रांगेत दोन आजोबा उरले असले तरी त्याला बाहेर न्यायचं. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर बोलवा, आणि दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत बोलवूच नका.

एका सभासदाच्या मुलाकडे बोलका पोपट आहे. तो आणला तर? आणि नागपंचमीला सर्पमित्रांना साप घेऊन बोलवावं का? – एका निवासाचे विश्वस्त

दोन्ही नको. आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा आहे, मग तो कितीही गोड बोलो. चांदणी कासवाचंही तेच. सापांचा खेळ करणंही बेकायदा आहे, आणि हाताळणीत सापाचे हालच होतात.

साप पाहायचे तर कात्रजला जा. १९८०मध्ये सर्पमित्र नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास पुण्यात एका खोलीत राहिले होते. त्यांच्याच पुढाकाराने १९८६मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. तुमच्यातल्या कुणाला त्या दिवसांची आठवण असेलच. गाडीत बसल्यावर त्यांनाच सांगायला लावा. आत फिरायला बॅटरीवरच्या गाड्या असतात. बुधवारी मात्र बंद असतं.

मी ८१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. आमच्याकडे ससे घेऊन आलेल्या ताई ‘बघा बघा, शोनूचे कान किती मोठ्ठे!’ अशा सुरात बोलत होत्या. आम्ही बालवाडीत आहोत का? – कोथरूड

सर, तुमचा राग रास्त आहे. सशाचे कान मोठे का, हे तुम्हाला सांगायला हवं होतं: त्यांतल्या रक्तवाहिन्यांतून अंगातली उष्णता बाहेर पडते. वय झालं म्हणून कुतूहल आटत नाही.

शिवाय समोर बसलेल्यांना किती येतं! मी एकदा दातांवरून जनावराचं वय कसं ओळखतात हे सांगत होते. मागून एका आजोबांनी ‘आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळला’ अशी दुधाच्या दातांपासून पूर्ण दातांपर्यंत बैलाची सगळी इयत्ता म्हणून दाखवली. उरलेली अर्धी भेट त्यांचीच झाली. मी खाली बसून ऐकलं.

तुमच्या निवासाला मी रेशमाचे किडे सुचवेन. चावत नाहीत, वास नाही, अंथरुणाला खिळलेल्यांच्या उशाशीही ट्रे ठेवता येतो. तुतीच्या पाल्याशिवाय काही खात नाहीत आणि महिनाभरात चार वेळा कात टाकून कोष विणतात. भरल्या ट्रेजवळ कान नेला तर पाला खाण्याचा आवाज पावसाच्या रिपरिपीसारखा येतो. एका कोषात एकच अखंड धागा असतो, अर्ध्या किलोमीटरहूनही लांब. हे ऐकून एका आजींनी पूजेला नेसायच्या रेशमी कदाची गोष्ट काढली, आणि मग विचारलं, ‘आतल्या किड्याचं काय होतं?’ रेशमासाठी त्याला कोषातच उष्णतेने मारतात, हे मी सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. खरं उत्तर देणं हाही मान देण्याचाच भाग आहे, असं मला वाटतं.

निवासातच मांजर पाळलं तर? – वारजे

तिचं खाणं, शी-शूसाठीचा मातीचा ट्रे आणि लसी यांची जबाबदारी पगारी माणसाकडे असेल तरच पाळा. आणि चालणाऱ्यांच्या पायांत ती घोटाळते, हे लक्षात ठेवा.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. निवासात आलेल्या कुत्र्याला ते ‘मोती आला का?’ म्हणतात. मोती जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना खरं सांगू का? आणि कुत्रा आला होता हेही त्यांना संध्याकाळी आठवत नाही; मग उपयोग काय? – एक मुलगी

सांगू नका. मोती गेल्याचं दुःख त्यांना नव्याने का द्यायचं? तो कुत्रा मोतीच आहे असंही म्हणायची गरज नाही. ‘मोती कुठे झोपायचा हो बाबा?’ एवढं विचारा. त्यांच्याकडे उत्तर असेल.

कुत्र्याने आजार बरा होत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. पण प्रसंग विसरला तरी त्यातून आलेला आनंद मागे काही काळ राहतो, हे अशा रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे. भेटीनंतरच्या संध्याकाळी ते जेवण नीट करतात का, चिडचिड कमी होते का, हे तिथल्या मावशींना विचारा. काहीच फरक नसेल, किंवा कुत्रा गेल्यावर ते शोधत फिरत असतील, तर भेट थांबवायलाही हरकत नाही.

मोतीचा जुना फोटो असेल तर त्यांच्या पलंगाजवळ लावा, आणि पुढच्या वेळी कुत्रा घेऊन येणाऱ्यांना मोतीचं नाव आधी सांगून ठेवा.