राजीनाम्याआधी आईचं विमा कार्ड काढून बघा

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत नऊ वर्षं, हातात नव्वद हजार, तरी रविवारी दिवेलागणीला पोटात गोळा येतो. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, पण हे नको. बायको घरी, आईला मधुमेह. आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'आईचं मेडिक्लेम कंपनीकडूनच आहे.' बाकी सगळं मी मान डोलावत वाचलं. या ओळीवर मात्र थांबले, कारण हीच ओळ २०१९ मध्ये माझीही होती.

मीही वेर्ण्यालाच होते, क्यूएमध्ये, म्हणजे औषधांच्या गुणवत्तेची खात्री करणाऱ्या खात्यात. सकाळी फोंड्याहून कंपनीची बस, बोरी पुलावर डुलकी, मग दिवसभर बॅच रेकॉर्ड आणि डेव्हिएशन, म्हणजे उत्पादनाच्या नोंदी आणि त्यातल्या चुका. परदेशी ऑडिट येणार म्हटलं की तीन आठवडे घर विसरायचं. पीएफ, ग्रॅच्युइटी, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक सांगते. नोटिशीच्या दोन महिन्यांत मी एचआरमधल्या माणसाला विचारलं, बाबांच्या विम्याचं काय? तो म्हणाला, 'मॅडम, शेवटच्या दिवशी कार्ड बंद. पुढे काही होत नाही.' इतकं ठाम बोलला की मी मान्य करून टाकलं. लेखी विचारलं नाही, विमा कंपनीला फोन केला नाही. नऊ वर्षं दुसऱ्यांकडून 'लेखी द्या, लेखी द्या' म्हणून सह्या घेणारी मी! स्वतःच्या बापाच्या बाबतीत तोंडी उत्तरावर निर्धास्त झाले.

बाबांना तेव्हा मधुमेह आणि बीपी, दोन्ही. नवी पॉलिसी घ्यायला गेलो तर आधीपासूनच्या आजारांना चार वर्षं थांबा, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळणार नाही. (हा काळ २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आलाय. पण आजारी माणसाला तीन काय नि चार काय.) घेऊ, बघू, करता करता सात महिने गेले आणि एका रात्री दीड वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घाबरून जवळचं खाजगी इस्पितळ गाठलं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळापर्यंत जायचा धीर झाला नाही. अँजिओप्लास्टी झाली, बाबा आज ठणठणीत आहेत, पण बिल झालं २,८०,०००. माझी निम्मी ग्रॅच्युइटी तिथेच गेली. वर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचं नूतनीकरण आम्ही केलेलं नव्हतं, 'कंपनीचं आहे की' म्हणून.

नंतर कळलं ते हे. गट विम्यातल्या, म्हणजे कंपनीने सगळ्यांचा एकत्र काढलेल्या विम्यातल्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि गटात काढलेली वर्षं थांब्याच्या मुदतीतून वजा होतात. अर्ज मात्र गट विम्याचं संरक्षण संपायच्या आधी करावा लागतो, म्हणजे नोटिशीच्या काळातच. हमी नाही. विमा कंपनी तपासण्या मागते, हप्ता वाढवते, नाकारूही शकते. पण विचारायचा हक्क मला होता आणि तो मला कुणी सांगितला नाही. मी नंतर मेल केला, तर तीन आठवडे उत्तर नाही. मग आलं एका ओळीचं, 'ब्रोकरशी बोला.' ब्रोकर, म्हणजे विमा दलाल, म्हणाला एचआरशी बोला. कंपनीत वाढदिवसाचा केक वेळेवर यायचा हो, अगदी नावानिशी. असो, रक्तदाब माझाही वाढायला नको.

तर तुम्ही आज, राजीनाम्याचा 'र'सुद्धा न उच्चारता, आईच्या कार्डावरचं विमा कंपनीचं नाव बघा आणि त्यांनाच मेल करा. दीनदयाळ कार्ड चालू आहे का तेही बघा. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी ती योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. पण ठरावीक उपचार आणि ठरावीक इस्पितळं, म्हणून फक्त तिच्या भरवशावर राहू नका. मी विमा एजंट नाही, वकील नाही, आपल्या पॉलिसीचा कागद स्वतः वाचा.

आता मूळ प्रश्न, सोडू का? माझं मत कडू लागेल. 'हे नको' एवढ्यावर सोडू नका. मी ऑडिटच्या रात्री, साडेअकराला, एका सहीवरून झालेल्या भांडणानंतर राजीनामा टाइप केला होता. नंतर शांत डोक्याने पाहिलं तर माझा अर्धा वैताग कामाचा नव्हताच, रोज अडीच तास बसमध्ये जायचे त्याचा होता आणि एका साहेबाचा होता. खातं बदलून मागितलं असतं तर कदाचित आणखी दोन वर्षं निघाली असती. कदाचित नसतीही. पण मी मागितलंच नाही. आणि चतुर्थीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी तर अजिबात ठरवू नका. त्या दिवशी अख्ख्या गोव्याला नोकरी सोडावीशी वाटते. एखादा साधा, कंटाळवाणा बुधवार निवडा. त्या दिवशीही तेच वाटलं तर मग खरं.

मी आता घरी अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र शिकवते. पहिली दोन वर्षं उत्पन्न जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नव्हतं. यजमानांचं स्टेशनरीचं दुकान होतं म्हणून तरलो. शेजारी अजून विचारतात, 'सोडली? कित्याक गो (का गं)?' सरकारी नोकरी सोडली असती तर बहुधा वाळीतच टाकलं असतं.

एक गोष्ट बाहेरच्या राज्यातले सल्लागार सांगणार नाहीत. आपल्या गोव्याच्या सिव्हिल कोडखाली लग्न झालेल्यांचं, वेगळा करार केला नसेल तर, पगार सोडून बाकी उत्पन्न प्राप्तिकरासाठी नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरलं जातं. १९६१ च्या कायद्यात ते कलम ५अ होतं. पगार मात्र कमावणाऱ्याचाच. म्हणजे तुम्ही उद्या काही स्वतःचं सुरू केलंत तर बायकोलाही विवरणपत्र भरावं लागू शकतं. तुमच्या सीएला आधीच सांगा. आमच्याने पहिल्या वर्षी हे पाहिलंच नाही आणि नोटीस आली.

घर घ्यायचा विचार असेल तर कर्ज पगार चालू असतानाच मंजूर करून घ्या, पण मग नोकरी सोडता येणार नाही, हेही तितकंच. माझ्या एका मैत्रिणीने मडगावला फ्लॅट घेतला आणि अजून तीच बस पकडते. आणि हो, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आत्ताच स्वतःच्या मेलवर घ्या. शेवटच्या दिवशी दुपारी चारला लॉगिन बंद होतं, साहेबांचा सत्कार सुरू असतानाच.

पश्चात्ताप होतो का, असं कुणी विचारलं तर नोकरी सोडल्याचा नाही. त्या सात महिन्यांचा होतो. आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि पॉलिसी कधीपासून आहे तेवढं कळवा, मग मेलमध्ये काय विचारायचं ते सांगते. आता थांबते, साडेचारची बॅच दारात आलीय.